लाईट गेली त्या दिवशीची जागृती

आमच्या दहिसरच्या गावठाणात एक गोष्ट सगळे सांगतात. सव्वीस जुलैच्या पुरात नदी घराघरांत शिरली, माणसं माळ्यावर चढून बसली, पण गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसासमोरची मेणबत्ती म्हणे रात्रभर जळत राहिली. सांगणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि ऐकणाऱ्याच्याही. मीसुद्धा ही गोष्ट कितीतरी पाहुण्यांना तिखटमीठ लावून सांगितली आहे. एकदा अशीच रंगात येऊन सांगत होतो, तेवढ्यात रेजीबाय भाजी घेऊन मागून आली. तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "विझली होती रे. पाणी उतरल्यावर मीच परत लावली. काडेपेटी भिजलेली, म्हणून शेजारून लायटर आणला."

पाहुणे हिरमुसले. इतका चांगला चमत्कार, बाईने लायटरवर निकालात काढला. मला तेव्हा तिचा रागच आला होता. ती बाई त्या क्रुसाची इतकी भक्त, की तिच्याच बाजूने सांगितलेली गोष्ट तिने मुकाट्याने ऐकून घ्यायला काय हरकत होती? पण रेजीबायचं तसं नव्हतं. देवाच्या नावावर कुणी फुकटचं श्रेय जमा करायला लागलं, की तिला ते स्वतःच्या नावावर केल्यासारखं खुपायचं.

रेजीबाय म्हणजे रेजिना मिस्किटा. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र ठणठणीत. गिरणी बंद पडल्यावर माझ्या वडिलांनी लालबागची खोली विकली आणि गावठाणामागच्या चाळीत बिऱ्हाड केलं, तेव्हा मिस्किटांचं कौलारू घर आधीपासून इथे होतं. ही माणसं ईस्ट इंडियन, म्हणजे इथलीच, मूळची. धर्म ख्रिस्ती, बोली मराठी. आमच्या मालवणीची लांबची मावसबहीण वाटेल अशी. माझं नाव श्यामसुंदर. तिने त्यातला श्याम पहिल्याच दिवशी गाळला आणि सुंदर तेवढा ठेवला. आज माझ्या डोक्यावर केस नाहीत, पण भर गल्लीत "काय रे सुंदर" अशी हाक आली की मी वळतो.

ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. गावाला बोलायचं तर आधी कॉल नोंदवायचा आणि मग वाट बघत बसायचं, त्या काळातली. कुणाचा बाप गेला, कुणाचं लग्न मोडलं, कुणाला नातू झाला, सगळं तिने जोडलेल्या तारांवरून गेलं. पण त्यातली एकही गोष्ट तिने कधी बाहेर सांगितली नाही. आम्ही पोरं खोदून खोदून विचारायचो. "लाईन लागली की कान काढून घ्यायचा," ती म्हणायची. "पहिल्या दिवशी हेच शिकवलं आम्हाला. नंबर जोडणं आपलं काम. काय बोलतात ते त्यांचं."

आता क्रुसाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मे महिना त्यांच्यात मरियामातेचा. संध्याकाळी गावठाणातली माणसं क्रुसापाशी जमतात, मेणबत्त्या लावतात, जपमाळ म्हणतात आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे वाटतात. खोबऱ्याचे काप आणि हिरवी मिरची घातलेले. पूर्वी एकेका संध्याकाळी एकेका घराची पाळी असायची आणि कुणाचे चणे बरे यावरून बायकांत जुंपायची. मग एकेक घर वसईला गेलं, कॅनडाला गेलं, ऑस्ट्रेलियाला गेलं. रेजीबायचा नवरा वारला. मुलगा किरण टोरांटोला स्थायिक झाला. पाळ्या एकेक करून रेजीबायकडे आल्या आणि शेवटी अख्खा मे महिना तिचाच झाला. रोज चणे भिजवायचे, उकडायचे, गुडघे धरत क्रुसापर्यंत जायचं आणि दोन-चार म्हाताऱ्यांबरोबर जपमाळ म्हणायची. किरण फोनवर सांगायचा, मम्मी, सोड आता. ती विषय बदलायची. पण एकदा माझ्या बायकोला, सुगंधाला, तिने विचारलंच, "माझ्यामागे इथे मेणबत्ती कोण लावील गं?" तेवढी एकच काळजी त्या बाईला होती, आणि ती तिने पदराआड लपवली नव्हती.

सुगंधा तिथे कशी जायला लागली तेही सांगायला हवं. लॉकडाऊनच्या मे महिन्यात कुडाळला तिची आई गेली. गाडी नाही, पास नाही, मोबाईलवर अग्नी बघितला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुगंधा खिडकीतून खाली बघत होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. क्रुसापाशी तोंडाला फडकं बांधून रेजीबाय एकटी उभी होती. सुगंधा खाली गेली आणि जरा लांब उभी राहिली. रेजीबायने काय झालं, रडतेस का, काहीही विचारलं नाही. जपमाळ संपत आल्यावर फक्त एवढंच, "आईचं नाव काय?" सुगंधाने सांगितलं, कुंदा. रेजीबाय क्रुसाकडे तोंड करून म्हणाली, "कुंदासाठी." मग चण्यांचा द्रोण पायरीवर ठेवून मागे सरकली.

तेव्हापासून दर मे महिन्यात सुगंधा जाते आणि दर संध्याकाळी कुंदाचं नाव घेतलं जातं. सुगंधा धर्माने आहे तिथेच आहे. आमच्या देव्हाऱ्यात रवळनाथ आहे, गणपतीला आम्ही गावी जातो. मी स्वतः देवळात गेलो तर चपला राखायला बाहेर बसणारा माणूस. पण बायको जाते म्हणून मी जायला लागलो, मी जातो म्हणून टॉवरमधले आणखी दोघं-चौघं. हो, चाळीचा आता टॉवर झालाय. आम्ही चौदाव्या मजल्यावर असतो.

आणि म्हणूनच गेल्या वर्षीचा गोंधळ झाला.

मे महिन्यातली ऐन उकाड्याची संध्याकाळ. टॉवरची लाईट गेली. लिफ्ट बंद, पंखे बंद, पंपही बंद. जनरेटर सुरू होईना. घरी असलेले घामाने निथळत जिने उतरून खाली आले आणि कामावरून आलेले वर चढायच्या विचाराने खालीच थांबले. गल्लीतले दिवेही गेलेले, सगळीकडे काळोख. उजेड कुठे, तर क्रुसापाशी. माणसं साहजिकच तिथे गोळा झाली. रेजीबायने मेणबत्त्यांचं खोकं उघडलं आणि येईल त्याच्या हातात एकेक दिली. जपमाळ सुरू होती, मोठ्याने बोलणं बरं दिसेना, म्हणून सगळे हातात मेणबत्ती धरून गप्प उभे राहिले. नंतर चणे आले. मी भुकेला होतो, काळोखात अख्खी मिरची चावली. डोळ्यांतून धारा.

नेमका त्याच वेळी तिथे प्रीतम होता. प्रीतम हा बोरिवलीच्या एका प्रार्थना ग्रुपमधला तरुण मुलगा. गोड पोरगा, उत्साही, खोटं बोलणारा अजिबात नाही. पण उत्साही माणसाला जे हवं असतं तेच दिसतं. त्याने मोबाईलवर फिल्म काढली. मेणबत्त्यांचा समुद्र, मान खाली घातलेली माणसं आणि अगदी जवळून मी, गालांवरून अश्रू ओघळतायत. खाली संगीत टाकलं आणि लिहिलं, "पश्चात्तापाचे अश्रू. दहिसरमध्ये आत्मिक जागृती." दोन दिवसांत ती फिल्म कुठल्या कुठे पोचली. माझ्या सांगलीच्या मेव्हण्याने फोन करून विचारलं, भावजी, तब्येत बरी आहे ना?

प्रीतम पेढे घेऊन रेजीबायकडे आला. मी तिथेच होतो, तिचा नळ दुरुस्त करत. तो भारावून सांगत होता की हे इथेच नाही, जगभर चाललंय. इंग्लंडमध्ये, अमेरिकेत तरुण मुलं चर्चमध्ये परत येतायत, सर्व्हे झालाय. रेजीबायने सर्व्हे कसा झाला ते विचारलं. ऑनलाईन, तो म्हणाला.

"ऑनलाईन मला विचारलं तर मी पण पस्तीस वर्षांची आहे," रेजीबाय म्हणाली. मग तिने सांगितलं की किरणच्या घराजवळचं चर्च विकून तिथे फ्लॅट झाले, त्याने स्वतः बघितलं. एका चर्चवरून सगळं जग कळत नाही, तसं एका फिल्मवरूनही कळत नाही.

प्रीतम जरा दुखावला. आंटी, तुम्हाला व्हावंसं वाटत नाही का, असं त्याने विचारलं.

"वाटतं ना," ती म्हणाली. "रोज वाटतं. होऊ दे म्हणणं ही प्रार्थना आहे, बाळा. झालं म्हणणं ही जाहिरात."

पण प्रीतमकडे अजून एक गोष्ट होती आणि ती ऐकून माझ्या हातातला पाना थांबला. त्याच्या ग्रुपने क्रूस दत्तक घ्यायचं ठरवलं होतं. संगमरवर बसवणार, दिवे लावणार आणि मुख्य म्हणजे रोज संध्याकाळी दोन मुलं पाठवणार. मेमध्येच नाही, वर्षभर. रेजीबाय असेपर्यंत आणि नंतरही. त्यासाठी तिने फक्त एवढं करायचं, की महिन्याच्या शेवटच्या रविवारी मैदानावर मोठी सभा आहे, तिथे येऊन साक्ष द्यायची. दहिसरात काय घडलं ते सांगायचं.

रेजीबायचा हात पेढ्यांच्या पुड्यावर होता तो तसाच राहिला. इतकी वर्षं जे मागत होती ते दारात चालत आलं होतं. "येईन," ती म्हणाली. "पण मला ठाऊक आहे तेवढंच बोलेन." प्रीतमला तो तिचा विनय वाटला.

इकडे आमच्या टॉवरमध्ये वेगळंच शिजत होतं. तीच फिल्म कुणीतरी दुसरं वाक्य टाकून पुढे पाठवली होती. आता खाली लिहिलं होतं की दहिसरात सोसायटीच्या सोसायट्या धर्म बदलतायत, जागे व्हा. म्हणजे एकीकडे जागृती झाली म्हणून आनंद आणि दुसरीकडे तीच झाली म्हणून संताप. न झालेल्या गोष्टीवर दोन्हीकडच्यांचा इतका विश्वास मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश आमच्या घरी आले. वाईट माणूस नाही, पण घाबरट. उद्या बाहेरची माणसं येऊन गेटवर गडबड करतील, अशी त्यांना भीती होती आणि ती काही अगदीच खोटी नव्हती. त्यांचं म्हणणं, सुगंधावहिनींनी सोसायटीच्या ग्रुपवर दोन ओळी टाकाव्यात की आम्ही तिथे जात नाही. मी फिल्म लावली, एका जागी थांबवली आणि कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे चंद्रप्रकाश स्वतः होते, एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात द्रोण. ते म्हणाले, मी जनरेटरवाल्याला शोधायला उतरलो होतो, माझं वेगळं. सुगंधा आतून आली. मी कुठे उभी राहते ते ग्रुपवर टाकायला मी काही पाण्याची वेळ नाही, असं तिने शांतपणे सांगितलं आणि चहा ठेवायला गेली.

हे मी रेजीबायला सांगितलं. न सांगता राहवेना. तिच्या चण्यांमुळे शेजाऱ्यांच्या दारात भांडण येतंय, हे तिला सहन होण्यातलं नव्हतं.

रविवारी मीच तिला रिक्षाने घेऊन गेलो, गुडघ्यांमुळे एकटीला जमणारं नव्हतं. सुगंधा घरी मोबाईलवर बघणार होती, सभा थेट दाखवत होते. केवढा मंडप, केवढा पडदा. मी सगळ्यात मागच्या रांगेत बसलो, कारण पडद्यावर सारखा मीच रडत होतो. गाणी झाली, हात वर झाले, काही माणसं खरोखर रडली, आणि ती मिरचीने नव्हे. त्यांची थट्टा करायचं माझ्या मनातही आलं नाही. मग निवेदकाने "सिस्टर रेजिना" अशी हाक दिली. प्रीतमने तिला हाताला धरून पायऱ्या चढवल्या. तिने माईक हातात घेतला, जरा लांब धरला. माईक कसा धरायचा ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

"मी रेजिना मिस्किटा," ती म्हणाली. "मी सिस्टर नाही, टेलिफोन ऑपरेटर होते. ही फिल्म खरी आहे. पण त्या दिवशी शेजारच्या टॉवरची लाईट गेली होती. मेणबत्त्या माझ्याकडे होत्या, म्हणून माणसं आली. हा रडतोय तो आमचा श्यामसुंदर. त्याने मिरची खाल्ली."

मंडपात कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. निवेदक पुढे सरकला. तिने त्याच्याकडे न बघता हाताने त्याला थांबवलं.

"माझे शेजारी चण्यांना येतात. काही माझ्यासाठी येतात, म्हातारी एकटी उभी असते म्हणून. कुणी धर्म बदलला नाही, मी कुणाला सांगितलं नाही. देवासाठी कोण येतं ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. लाईन जोडून द्यायची आणि कान काढून घ्यायचा, एवढंच माझं काम. तुम्ही पण कान काढून घ्या. त्यांना मोजू नका."

एवढं बोलून तिने माईक प्रीतमच्या हातात दिला. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. शेवटी गिटारवाल्याने गाणं सुरू करून सगळ्यांची सुटका केली. मला मात्र त्या मागच्या रांगेत उभं राहावंसं वाटलं. मी भले भले वक्ते ऐकलेत. आपल्याच बाजूच्या माणसांसमोर, आपल्यालाच हवी असलेली गोष्ट, झाली नाही म्हणून सांगणारं दुसरं माणूस मी बघितलेलं नाही. खाली उतरल्यावर प्रीतम रडवेला झाला होता. आंटी, थोडं तरी चांगलं बोलायचं, एवढंच तो म्हणाला. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि त्याला सांगितलं, येत जा तू, मोबाईल घरी ठेवून ये.

रिक्षाने परतताना दहिसरचा पूल आला तेव्हा ती म्हणाली, "मला पण हवी होती रे ती गर्दी. दोन पोरं रोज येणार होती. माझ्या हाताने घालवली."

मी उगाच म्हणालो, सुगंधा घरी बघत असेल, चण्यांचं तिला लागेल.

"लागू दे," ती म्हणाली. "मग काय, कुंदाला स्टेजवर नेऊ? एवढ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या सुगंधाच्या आईला."

घरी आलो तर सुगंधाचं तोंड फुगलेलं. रागावली की ती मालवणीवर येते. "मिया काय चण्यांसाठी जातंय थंय?" एवढंच म्हणाली आणि भांडी आपटायला लागली. मी रिक्षातलं बोलणं सांगितलं. ते तिला पटलं, पण राग गेला नाही. तिचं म्हणणं, हे रेजीबायने मला सांगावं, तुमच्याकडे निरोप कशाला? आणि रेजीबाय म्हणजे समजूत काढायला येणाऱ्यातली नव्हे. जे खरं ते बोलून झालं, आता पुन्हा काय बोलायचं, असा तिचा खाक्या. दोघी बायका एका मापाच्या हट्टी. मे महिन्याच्या उरलेल्या संध्याकाळी मी एकटाच खाली गेलो आणि मिरच्या बाजूला काढून चणे खाल्ले. टॉवरचं कुणी आलं नाही. चंद्रप्रकाशांनी ग्रुपवर "विषय मिटला" असं टाकलं. संगमरवर आला नाही, दोन पोरंही आली नाहीत.

यंदा एप्रिलमध्ये रेजीबाय बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. किरण येऊन राहिला, दिवसभराची बाई लावून परत गेला. सुगंधाने हॉस्पिटलात रोज डबा पाठवला, पण माझ्या हातून. घरी आल्यावर रेजीबायची खुर्ची खिडकीशी ठेवली, तिथून क्रूस दिसतो. किरण जाताना म्हणाला, मम्मी, यंदा मे महिना राहू दे. ती बरं म्हणाली. वाद न घालता बरं म्हणाली, तेव्हा मला भीती वाटली.

एक मेला सकाळी सोसायटीत झेंडा झाला, जिलेबी वाटली. दुपारी झोपून उठलो तर घरभर वास. स्वयंपाकघरात गेलो. गणपतीला काढतो ते मोठं पातेलं गॅसवर होतं आणि त्यात चणे उकळत होते. आम्ही दोघं माणसं. आदल्या संध्याकाळीच भिजत घातले असणार, म्हणजे ही बाई हे आधीच ठरवून बसली होती. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, उसळ. मग पातेल्याचा एक कान माझ्या हातात दिला आणि म्हणाली, लिफ्टने चला, सांडाल.

क्रुसापाशी गावठाणातल्या दोन म्हाताऱ्या होत्या. आम्हाला पातेलं घेऊन उतरताना बघून चंद्रप्रकाशांची बायको मागोमाग आली, मग आणखी कोण कोण. स्वतः चंद्रप्रकाश गेटपाशी उभे राहिले, आत नाही, बाहेर नाही. सुगंधाने मेणबत्ती लावली आणि "नमो मरिये" सुरू केलं. पाच वर्षं ऐकून तिला ते पाठ झालं होतं, चाल मात्र आमच्या भजनाची लागली. म्हाताऱ्यांनी ती निमूट उचलली. पुढे मरियामातेच्या नावांची माळ आली, दर नावाला सगळ्यांनी "आम्हांसाठी विनंती कर" म्हणायचं, आणि तिथे मध्येच सुगंधा अडकली. पुढचं नाव आठवेना. तेवढ्यात समोरच्या खिडकीतून तो आवाज आला, स्पष्ट, सावकाश, एकेक अक्षर सुटं. रेजीबायने राहिलेलं नाव सांगितलं आणि थांबली. सुगंधाने ते घेतलं आणि लाईन पुन्हा लागली.

शेवटी सुगंधा क्रुसाकडे तोंड करून म्हणाली, "कुंदासाठी." जरा थांबली. "रेजिनासाठी."

"मी आहे गं अजून," खिडकीतून आवाज आला. सगळी गल्ली हसली.

आम्ही द्रोण घेऊन तिच्या घरी गेलो. रेजीबायने दोन चणे तोंडात टाकले, नीट चावले आणि मीठ कमी आहे म्हणाली.

"असू दे," सुगंधा म्हणाली. "चण्यांना कोण येतंय?"

रेजीबाय हसली नाही. तिने सुगंधाचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण या वेळी मी मिरची खाल्ली नव्हती.

तेवढ्यात किरणचा फोन आला. गावठाणातल्या कुणीतरी त्याला फोटो पाठवला होता. क्रुसापाशी एवढी माणसं बघून तो चेष्टेच्या सुरात विचारत होता की मम्मी, यंदा पण जागृती झाली काय?

"छे रे, जागृती कसली," रेजीबाय म्हणाली. "सुगंधाने चणे उकडले."

मग टॉवरची लाईट गेली असेल, तो म्हणाला.

रेजीबायने खिडकीतून वर बघितलं. चौदा मजल्यांवर खिडकी न खिडकी उजळलेली होती, पंखे फिरत होते, कुणाचा टीव्ही चालू होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फोनवर न चाचरलेला तो आवाज पहिल्यांदा जरा अडखळला.

"नाही रे," ती म्हणाली. "लाईट होती आज. तरी आले."